उसनी लाट

होकुसाईला नाकांचा राग होता. स्वतः काढलेल्या नाकांचा नव्हे, खोदणाऱ्याने खोदलेल्या नाकांचा. म्हातारपणी लिहिलेल्या एका पत्रात त्याने छपाईचे लाकडी ठोकळे खोदणाऱ्या कारागिरासाठी प्रकाशकाकडे निरोप दिला आहे. मी डोळ्याखालची पापणी काढत नाही, तेव्हा पदरचं घालून ती खोदू नका. आणि नाकं माझ्या वळणाची ठेवा, उतागावा घराण्याची नाकं मला मुळीच आवडत नाहीत. गैरसमज नको म्हणून दोन्ही प्रकारची नाकं शेजारी काढूनही दाखवली आहेत.

हे पत्र मला फार आवडतं, कारण जगातल्या बहुधा सर्वांत प्रसिद्ध जपानी चित्रकाराचं चित्र किती परस्वाधीन होतं, हे त्यातून कळतं. ‘होकुसाईची लाट’ म्हणून आपण जिला ओळखतो ती साधारण 1831 सालची. होकुसाईने ती पातळ कागदावर रेखाटली, तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवला गेला आणि खोदणाऱ्याने प्रत्येक रेषेच्या दोन्ही अंगांनी पातं चालवलं. मूळ रेखाटन त्यातच संपलं. मग रंगांच्या वेगळ्या फळ्या आल्या. रंग एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून फळीच्या कोपऱ्यात खुणेच्या खाचा पाडल्या गेल्या, आणि छापणाऱ्याने बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने, म्हणजे बारेनने, कागद पाठीमागून घासून तेव्हा नवलाईचा असलेला प्रशियन निळा त्यावर उतरवला. पैसे घातले निशिमुराया या प्रकाशकाने. चित्रकार, होरीशी म्हणजे खोदणारा, सुरीशी म्हणजे छापणारा आणि हानमोतो म्हणजे प्रकाशक, अशा चौघांचं हे काम. लाट खोदली कुणी, याची मात्र नोंद नाही.

मार्च 2023मध्ये या छापाची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 27 लाख 60 हजार डॉलरना गेली. जुलै 2024पासून जपानच्या हजार येनच्या नोटेमागे हीच लाट आहे. शिवाय ती टी-शर्टवर आहे, मोबाइलच्या कव्हरवर आहे, दंडावरच्या टॅटूत आहे, आणि रामेन विकणारं हॉटेल मुंबईत उघडा की मेलबर्नमध्ये, भिंतीवर ती असतेच. आता तर आपला फोटो दिला की काही सेकंदांत तो ‘उकियो-ए शैलीत’, म्हणजे जुन्या जपानी ठसाचित्रांच्या थाटात, करून मिळतो. या सगळ्याच्या जोडीने, बऱ्याच वरच्या पातळीवर, जपानी ठसाचित्रांतून आणि अभिजात जपानी साहित्यातून आपलं काम उभं करणारे गंभीर आधुनिक चित्रकारही आहेत. त्यावरून एक वाद कायम चालू असतो. एक बाजू म्हणते, हा परंपरेचा बाजार आहे, विटंबना आहे. दुसरी म्हणते, होकुसाईला जाऊन पावणेदोनशे वर्षं झाली, आता मालक कोण उरलाय? ज्याला हवं त्याने हवं ते घ्यावं.

मला दोन्ही बाजू आळशी वाटतात. चाळीत शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर परत देताना वाटी शिगोशीग भरून द्यायची, ही रीत आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. साखर आणण्यात काहीच गैर नाही, तिचा लाडू करा की चहा, तेही विचारायला कुणी येत नाही. वाटी परत गेली का, आणि कशी गेली, एवढाच प्रश्न असतो. कलेतल्या उसनवारीलाही मी हाच प्रश्न विचारतो. परतफेड दोन तऱ्हांनी होऊ शकते: वाचून किंवा राबून. दोन्ही करणारे थोर. दोहोंपैकी काहीच न करणाऱ्याने फक्त वाटी ढापलेली असते.

आधी विटंबनावाल्यांकडे वळू, कारण त्यांची अडचण मोठी आहे. ज्या परंपरेच्या पावित्र्याबद्दल ते बोलतात ती परंपराच थट्टेवर उभी आहे.

1765च्या सुमाराला एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, सुझुकी हारुनोबूच्या हातून बहुरंगी छापचित्रं पहिल्यांदा बहरली. या नवलाईमागे हौशी, खुशालचेंडू मंडळींची चढाओढ होती. हे कवितावेडे लोक नववर्षाला एकमेकांना चित्रमय दिनदर्शिका भेट देत आणि महिन्यांचे आकडे किमोनोच्या नक्षीत लपवत. त्यांच्याच मागणीतून हारुनोबूने आठ चित्रांची एक मालिका केली. मूळ विषय चीनमधला, भारदस्त: शियाव आणि शियांग नद्यांच्या परिसरातली आठ दृश्यं. संध्याकाळी उतरणारे हंस, रात्रीचा पाऊस, शरदाचा चंद्र, देवळाची सांजघंटा. शेकडो वर्षं चिनी आणि जपानी चित्रकारांनी हा विषय शाईत, धुक्यात, गंभीर चेहऱ्याने रंगवलेला. हारुनोबूने तो उचलून बायकांच्या माजघरात आणला. त्याच्याकडे उतरणारे हंस म्हणजे कोतो वाद्याच्या तारांखाली तिरप्या ओळीत मांडलेल्या घोड्या. सांजघंटा म्हणजे घरातलं घड्याळ. शरदाचा चंद्र म्हणजे आरशाची गोल तबकडी. रात्रीचा पाऊस म्हणजे चुलाण्यावर उकळणाऱ्या किटलीचा आवाज. आणि संध्याकाळचं हिम? काळ्या लाखेच्या साच्यावर पसरून ठेवलेला रेशमी कापूस!

या प्रकाराला मितातेए म्हणतात. एक गोष्ट दाखवायची आणि तिच्यात दुसरी ओळखायला लावायची. यात दांडगी बेअदबी आहे, पण ही बेअदबी न वाचलेल्याच्या आवाक्यातली नाही. आठही दृश्यं पाठ असल्याशिवाय किटलीत पाऊस ऐकू येत नाही. चित्रकाराने वाचलेलं होतं आणि पाहणाऱ्यानेही वाचलेलं असेल, यावर त्याचा भरवसा होता.

गेंजीचं तर आणखी गमतीचं. मुरासाकी शिकिबु या दरबारी स्त्रीने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेली ही 54 प्रकरणांची कथा म्हणजे जपानी अभिजाततेचं शिखर. 1829पासून र्‍यूतेई तानेहिको या लेखकाने तिचं एक सवंग, चटकदार, ‘खेडवळ’ रूप हप्त्याहप्त्याने प्रकाशित करायला घेतलं. चित्रं कुनिसादाची. काळ बदलून आशिकागा शोगुनांचा, म्हणजे त्या घराण्यातल्या लष्करी सत्ताधीशांचा, केला, नायकाचं नाव मित्सुउजी ठेवलं आणि त्याच्या डोक्यावर कोळंबीच्या शेपटीसारखी दुभंगलेली शेंडी बसवली. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. शिवाय त्यात त्यांना आशिकागा वगैरे दिसत नव्हते, दिसत होता तेव्हाचा शोगुन इएनारी आणि त्याचा भरगच्च जनानखाना. 1842मध्ये सुधारणांच्या लाटेत सरकारने हे पुस्तक बंद पाडलं. त्याच वर्षी तानेहिको वारला. पण चित्रं थांबली नाहीत. पुढे कित्येक वर्षं ‘गेंजीचं चित्र’ म्हणून एदोच्या दुकानांत जे टांगलेलं असे त्यात मुरासाकीचा नायक क्वचितच असे. कोळंबीच्या शेंडीवाला विडंबनातला नायकच जास्त. आज संग्रहालयांत काचेमागे आपण ज्या ‘अभिजात’ गेंजीचित्रांपुढे आवाज बारीक करतो त्यांतली बरीचशी या खोडसाळ पोराची वंशज आहेत.

तेव्हा थट्टेला विटंबना म्हणायचं असेल तर आधी हारुनोबूला आणि कुनिसादाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागेल. खुद्द होकुसाईनेही शंभर कवींच्या शंभर कविता ‘दाईने समजावून सांगितल्यासारख्या’ रंगवायला घेतल्या होत्या. दाई भोळी, तिचे अर्थ भलतीकडे जाणारे, दरबारी विरहाच्या ओळीखाली घाम गाळणारे मजूर. कवितांचा हा संग्रह फुजिवारा नो तेइकाने तेराव्या शतकात केलेला. जपानी घरांत नववर्षाला त्याचे पत्ते खेळतात: अर्धी कविता वाचली की उरलेल्या अर्धीचा पत्ता झडप घालून उचलायचा. आपल्या भेंड्यांना कुणी आठशे वर्षांपूर्वीच्या ओव्यांवर बसवलं तर कसं होईल, तसं. म्हणजे सामान्य गिऱ्हाइकालाही ओळी पाठ होत्या, म्हणूनच दाईचं चुकणं विनोदी होतं. त्या मालिकेतली 27च चित्रं छापून निघाली. बाकीच्यांतली पुष्कळशी रेखाटनं आज शिल्लक आहेत, आणि शिल्लक का, तर ती फळीवर चिकटलीच नाहीत म्हणून. जी छापली गेली त्यांचं मूळ नष्ट झालं, जी पडून राहिली त्यांचं मूळ वाचलं.

आता ‘हवं ते घ्या’ म्हणणाऱ्यांकडे येतो, कारण आजचा खरा धोका तिकडून आहे.

मासामी तेराओका यांचं काम पाहा. 1936मध्ये ओनोमिचीला जन्म, 1961मध्ये अमेरिकेत गेले. 1970च्या दशकात त्यांनी जपानवर चालून येणारी मॅकडोनाल्डची हॅम्बर्गरं रंगवली, तीही जलरंगात, पण हुबेहूब उकियो-एच्या रेषेत. पुढे 1980च्या दशकात एड्सचं सावट आलं तेव्हा त्यांनी स्नानगृहातली गेइशा रंगवली. तिच्या दातांत कंडोमचं पाकीट आहे. फोटोत पाहिलं तरी हसू येतं आणि मग ते घशात अडकतं. हा माणूस फक्त ‘लुक’ घेत नाही. उकियो म्हणजे तरंगतं, क्षणभंगुर जग. एदोच्या करमणूक-वस्तीतलं सुख आणि त्यामागचा रोग, देह आणि त्याचा बाजार, हे त्या छापचित्रांचं घरचंच दुखणं होतं. तेराओकांनी शैलीबरोबर तिचा विषयही घेतला आणि त्याला आपल्या काळाचा रोग जोडला. वाटी शिगोशीग भरून परत गेली.

यामागुची आकिरा (जन्म 1969) यांची वाट वेगळी. बाराव्या शतकातल्या गेंजीच्या चित्रगुंडाळ्यांत, ज्यांचे तुकडे आज नागोया आणि टोकियोतल्या संग्रहालयांत आहेत, घरांची छपरंच काढून टाकलेली असतात. वरून तिरपं पाहिलं की पडद्यामागे रडणारी राणीही दिसते आणि दाराशी खोळंबलेला राजपुत्रही. यामागुची याच युक्तीने आजच्या टोकियोतलं डिपार्टमेंट स्टोअर उघडं करून दाखवतात. मजल्यामजल्यावर माणसं, काही सुटाबुटातली, काही किमोनोतली, मधूनच सोनेरी ढग. माध्यम कागदावर पेन आणि जलरंग. लाकडाचा ठोकळा यात कुठेच नाही, आणि मला तो हवासाही वाटत नाही. छप्पर काढलं की खाजगी दुःख सार्वजनिक होतं, ही त्या चित्रांतली मूळ गोष्ट या चित्रकाराने ओळखली आहे. वाचून केलेली परतफेड ती अशी.

इथे कुणीही व्हॅन गॉगचं नाव काढेल, आणि काढावंच. 1887मध्ये त्याने हिरोशिगे या जपानी ठसाचित्रकाराची दोन चित्रं तेलरंगात उतरवली: कामेइदोची आलुबुखाराची बाग आणि पुलावरचा अवचित पाऊस. त्याला जपानी अक्षर ओळखता येत नव्हतं. चित्राभोवतीच्या पट्टीत त्याने इतर छापांवरची अक्षरं शोभेसाठी उतरवून घेतली. चित्राशी त्यांचा काही संबंध नाही. माझ्या कसोटीने हा गडी नापास व्हायला हवा. पण त्याने बागेच्या चित्रावर चौकटी आखल्या, रेषा न रेषा गिरवली, सपाट रंगाने जागा कशी बोलते हे हाताने शिकून घेतलं आणि पुढे आयुष्यभर ते वापरलं. वाचलं नाही, पण राबला. म्हणून तर मी ‘किंवा’ म्हटलं.

राबण्याचं आजचं उदाहरण जरा अनपेक्षित ठिकाणी आहे. डेव्हिड बुल हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला माणूस 1986मध्ये जपानला गेला आणि ठसे खोदायला शिकला. कात्सुकावा शुन्शोने अठराव्या शतकात रंगवलेले तेच शंभर कवी त्याने 1989 ते 1998 अशी दहा वर्षं बसून एकेक करून पुन्हा खोदले आणि छापले. याच बुलने 2012मध्ये जेड हेन्री या अमेरिकन चित्रकाराबरोबर हात मिळवला. हेन्रीची चित्रं कसली? व्हिडिओ गेममधल्या पात्रांची, उकियो-एच्या थाटात. लोकवर्गणीतून त्यांना तीन लाख डॉलरहून अधिक पैसे मिळाले. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडली. माझंही आधी वाकडं झालं होतं, कबूल करतो. पण त्या पैशातून फळ्या आल्या, कागद आला, टोकियोतल्या आसाकुसात एक कार्यशाळा उभी राहिली, तरुण हात छपाई शिकले. एदोतलं छापचित्र तरी काय होतं? कुस्तीगिरांचे, नटांचे, गाजलेल्या गणिकांचे फोटोच ते, साध्या सोबाच्या वाडग्याइतक्या किमतीत मिळणारे. दोनशे वर्षांपूर्वीच्या नटाऐवजी आजचा गेममधला योद्धा आला, पण खोदणाऱ्याची चूल पेटली. मला हे एखाद्या भव्य कॅनव्हासवरच्या ‘होकुसाईला आदरांजली’पेक्षा परंपरेच्या जास्त जवळचं वाटतं. टोकियोतल्या आदाची या संस्थेनेही यायोई कुसामा या आजच्या चित्रकर्तीच्या फुजी पर्वताची ठसाचित्रं पारंपरिक पद्धतीने करवून घेतली. कुसामांचे ते हजारो ठिपके कुणा कारागिराने एकेक करून लाकडात खोदले आहेत. ठिपक्यांचं कौतुक करताना त्या मनगटाची आठवण किती जणांना होते?

तर माझी तक्रार इथे येऊन थांबते. फिल्टरने केलेल्या चित्राला लाल चौकोनी शिक्का असतो. तो बहुधा काहीच म्हणत नाही. छापचित्रांवरच्या शिक्क्यांपैकी एक ‘किवामे’ असायचा, 1790पासून सरकारी तपासणीचा, म्हणजे ‘पाहिलं, हरकत नाही’. 1804मध्ये चित्रकार उतामारोने हिदेयोशी या सोळाव्या शतकातल्या सत्ताधीशाला चित्रात ओढलं म्हणून त्याला पन्नास दिवस हातकड्या पडल्या होत्या. 1843मध्ये चित्रकार कुनियोशीने जुन्या दंतकथेतल्या, जाळं विणणाऱ्या कोळी-राक्षसाच्या आडून सरकारला चिमटा काढला, लोकांनी तो बरोबर ओळखला, आणि प्रकाशकाने घाबरून ठोकळेच तासून टाकले. त्या शिक्क्यामागे एवढी भीती होती. आज तो ‘जपानी फील’ यावा म्हणून कोपऱ्यात चिकटवला जातो. आपल्याकडच्या सेन्सॉर प्रमाणपत्राची कुणी रांगोळी काढावी तसं.

बंदी घाला, असं मी म्हणत नाही. होकुसाई सगळ्यांचा आहे आणि तसाच राहावा. फिल्टर वापरणाऱ्याला शिक्षा करायला निघालेलं सरकार मला फिल्टरपेक्षा वाईट वाटेल. माझी मागणी साधी आहे, आणि ती संग्रहालयं, दालनं, विक्रेते यांच्याकडे आहे: पाटीवर खरं लिहा. यंत्राने छापलेल्या प्रतीला ‘वुडब्लॉक’ म्हणून विकू नका. जिथे ठोकळा वापरला आहे तिथे खोदणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव चित्रकाराच्या नावाखाली, वाचता येईल एवढ्या अक्षरात द्या. ही काही परदेशी चाल नाही. 1765च्या त्या हौशी दिनदर्शिकांपैकी काहींवर हारुनोबूबरोबर खोदणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचंही नाव आहे. पुढे धंदा वाढला आणि ही नावं मागे पडत गेली. खोदणाऱ्यांतही वरची पायरी होती: चेहरा आणि केसांची रेषा फक्त उस्तादाने खोदायची. कपाळापाशी एकेक केस सुटा उभा राहिलेला दिसतो ना, चित्रकाराने बऱ्याचदा तिथे नुसती कड दाखवलेली असे. केस उस्तादाचे, सही चित्रकाराची.

यावर एक वजनदार आक्षेप येतो, तोही जपानमधूनच. 1904मध्ये यामामोतो कानाएने एका मच्छीमाराचं छोटं चित्र स्वतः रेखाटलं, स्वतः खोदलं, स्वतः छापलं, आणि त्यातून ‘सोसाकु हांगा’ ही चळवळ उभी राहिली. तिचं म्हणणं होतं की कारागिरांच्या हातून गेलेलं चित्र ही नक्कल. खरी कला एकाच हाताची. 1956मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात मुनाकाता शिकोला ठसाचित्रांसाठी सर्वोच्च पारितोषिक मिळालं तेव्हा ही भूमिका जगाने मान्य केल्यासारखी झाली. मुनाकाताची ती दणकट, ओबडधोबड कोरीव चित्रं पाहिली की वाद घालायचं अवसान गळतं. पण त्यानेही तिन्ही कामं एकाच्याच हातची आहेत हे उघड सांगितलं. एकाच्या हातचं असो की चौघांच्या, प्रश्न सांगण्याचा आहे.

आपल्याकडे जपान पोहोचला तो मुख्यतः शिरीष पै यांच्या हायकूंतून, आणि तिथेही हेच घडलं. त्यांनी नुसत्या तीन ओळी आणल्या नाहीत, तीन ओळींमागची नजर आणली. त्यानंतर तीन ओळींत मोडलेलं कुठलंही वाक्य हायकू म्हणून खपवणारेही पुष्कळ झाले, ते सोडून द्या.

जपानी ठसाचित्राचा आपल्याशी एक थेट धागाही आहे. योशिदा हिरोशी हा चित्रकार 1930च्या अखेरीस मुलाला, तोशीला, बरोबर घेऊन भारतात आला. आग्रा, उदयपूर, काशी करत तो अजिंठा-वेरूळलाही पोहोचला, आणि परत गेल्यावर त्या प्रवासाची ठसाचित्रं त्याने केली. आपल्या लेण्यांचे दगड जपानी चेरीच्या लाकडात खोदले गेले. योशिदाचं कारागिरांशी फारसं जमत नसे. चित्रकाराने खोदणाऱ्याहून आणि छापणाऱ्याहून जास्त जाणलं पाहिजे, असा त्याचा हट्ट, म्हणून तो स्वतः दोन्ही कामं शिकला आणि आपल्या कार्यशाळेत कारागिरांच्या डोक्यावर उभा राहून छाप काढून घेई. अशा छापांच्या समासात तो एक बारीक शिक्का उमटवत असे: ‘जिझुरी’, माझ्या देखरेखीखाली छापलेलं. आज त्याचे छाप विकत घेणारे जाणकार आधी चित्र पाहत नाहीत. डावीकडच्या समासात तो शिक्का आहे का, ते पाहतात.